नोंदवहीत नसलेला रकाना

माझ्या नोंदवहीत सहा रकाने होते: वनस्पतीचे स्थानिक नाव, वापरला जाणारा भाग, कृती, मात्रा, किती दिवस, परिणाम. हे रकाने मी अकोल्यात, जठारपेठेतल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर पट्टी घेऊन आखले आणि मार्गदर्शकांनी ते पाहून पसंती दिली. पीएचडीला लागणारी सगळी शिस्त त्या सहा रकान्यांत मावते, असे तेव्हा माझे मत होते. आमच्या घरात पदवीच्या पुढे शिकलेली मी पहिली. आजोबा दुसऱ्यांच्या शेतात राबले, वडील कचेरीत कारकून झाले आणि मी डॉक्टरेट मिळवणार हे मी बारावीतच जाहीर करून टाकले होते. किती वर्षांत, एवढाच प्रश्न होता. मी तीन ठरवली होती.

विषय होता हिवतापावरची लोकौषधे. त्यासाठी मेळघाटात, सेमाडोहच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आत गेल्यावर लागणारे एक कोरकू गाव मी निवडले, ते तिथल्या भुमकासाठी. भुमका म्हणजे गावाचा पुजारी आणि औषध देणारा. साठी ओलांडलेला, काटक आणि मोजके बोलणारा हा माणूस पावसाळा सरताना येणाऱ्या थंडीतापावर एकच काढा देत असे. त्यात भुईनिंबाचा पाला, गुळवेलीची बोटभर कांडी आणि भाजून कुटलेला सागरगोटा असे. भुईनिंबाचा अर्क काचेच्या नळीत हिवतापाच्या परजीवीवर काही प्रमाणात काम करतो, हे मी वाचले होते. माणसाच्या अंगात तो नेमके काय करतो, याची समाधानकारक मोजणी माझ्या वाचनात आलेली नव्हती. ती माझ्या नावावर व्हावी, अशी माझी इच्छा होती.

माझ्या परवानगीत फक्त झाडे होती, माणसे नव्हती. झाडांचे नमुने घ्यायचे, लोकांना विचारायचे आणि लिहायचे, एवढेच मला करता येत होते. तरीही पहिल्याच आठवड्यात मी पिशवीतून तापमापक बाहेर काढला. काढा घेतलेल्या माणसाचा ताप उतरतो की नाही, हे ऐकण्यापेक्षा पाहिलेले बरे, असा माझा युक्तिवाद होता. माझ्या युक्तिवादांना त्या काळात कोणी हरकत घेत नसे.

भुमकाच्या अंगणात मी दिवसभर बसे. घरात तो, त्याचा एकुलता मुलगा आणि सून. मुलगा दहावी झालेला, वनखात्यात रोजंदारीवर. सून चिखलदऱ्याकडची, सात महिन्यांची गरोदर आणि जिभेने अतिशय तिखट. मी वर्तमानपत्राच्या घड्यांत रोपे दाबत असले की ती दारात उभी राहून पाही.

“मॅडम, सगळा पाला तुमीच घेऊन चालल्या. आमच्या बकऱ्यायनं काय खावं?”

“बकऱ्या भुईनिंबाला तोंड लावत नाहीत. कडू असतो.”

“तेच म्हणते ना मी. बकरी खात नाही ते तुमी कागदात गुंडाळून अकोल्याले नेता. अकोल्यात खायले भेटत नाही का लोकायले?”

मग स्वतःच्याच विनोदावर ती पोट धरून हसे आणि सासऱ्याकडे पाहून एकदम गप्प होई.

भुमकाची पद्धत काटेकोर होती. तापाची जितक्या वेळा पाळी आली असेल तितक्या गाठी रोग्याच्या घरच्यांनी एका सुतळीला मारून आणायच्या. ती सुतळी तो बोटांनी चाचपे, डोळ्यांनी पाहत नसे. नंतर तीन प्रश्न: पोटात लेकरू आहे का, लघवी कोणत्या रंगाची होते, गाठी खऱ्या आहेत ना. तिन्ही उत्तरे मनाजोगी आली, तरच तो काढ्याला हात घाली, आणि तोही ताप नसलेल्या दिवशी, सूर्य वर येण्याआधी.

माझ्या देखत त्याने दोन बायकांना परत पाठवले. दोघी गरोदर होत्या. एकीची सासू बरीच भांडली.

“एवढ्या दुरून आली मी, अन् तू खाली हातानं पाठवतं?”

“दवाखान्यात ने इले. आजच ने. हे औषध दोन जिवाच्या बाईचं नाही.”

“मंग कोणाचं हाय?”

“एका जिवाचं,” तो म्हणाला आणि उठून आत गेला.

हा प्रसंग मी पाहिला आणि तो लिहिला नाही. ते दुर्लक्ष नव्हते, तो निर्णय होता. काढा दिलाच गेला नव्हता. म्हणजे वनस्पती नाही, मात्रा नाही, परिणाम नाही. सहापैकी एकही रकाना भरत नव्हता.

त्याऐवजी मी मात्रा मोजली. भुमका पाला मुठीने घेई. मी त्याला तीन वेगवेगळ्या दिवशी तीन मुठी घ्यायला लावल्या आणि माझ्या लहान काट्यावर ठेवल्या. तिन्हींचे वजन जवळजवळ सारखे भरले. त्या दिवशी मला झालेला आनंद मी लपवला नाही. मुलगा बाजूला उभा होता. त्याने काट्यावरचे आकडे वाकून वाचले.

“बावाचा हात अन् तुमचा काटा सारखाच निघाला की मॅडम.”

“म्हणूनच तर पद्धत विश्वासाची आहे.”

“म्हणजे हे औषध चांगलं हाय ना? तुमी तपासलं ना?”

“चांगलं आहे. चांगलं नसतं तर मी एवढ्या लांब कशाला आले असते?”

हे वाक्य मी नंतर पुष्कळदा तपासले. त्यातला एकही शब्द खोटा नाही. मी औषध तपासलेले नव्हते, पण तपासले असेही म्हटले नव्हते. त्याने दोन प्रश्न विचारले होते आणि मी मला सोयीच्या प्रश्नाचे उत्तर दिले.

सप्टेंबरच्या अखेरीस एका सोमवारी दोन माणसे गावाबाहेर गेली. भुमका एका नातेवाइकाच्या मयतीला दूरच्या गावी गेला. आणि तापाच्या प्रत्येक रोग्याचे रक्त तपासणारी गावची आशाताई प्रशिक्षणासाठी धारणीला गेली. दोघेही चार दिवसांनी येणार होते. गावात ताप होताच. शाळेत निम्मी मुले नव्हती. घरांच्या मागे खड्ड्यांत साचलेले पाणी हिरवे पडले होते आणि दुपारी इतकी शांतता असे की एखाद्या घरातून दातांवर दात आपटल्याचा आवाज रस्त्यावर ऐकू येई.

मंगळवारी मी अंगणात शिरले तेव्हा सून ओसरीवर तीन गोधड्यांखाली होती आणि तिच्यासोबत खाट हलत होती. ताप एकशे चारच्या जवळ होता.

“आशाताईकडे किट असते,” मी मुलाला म्हणाले. “आली की रक्त तपासून घे.”

“शुक्रवारी येते ते.”

“मग उपकेंद्रात नर्स असेल.”

“पाहतो,” तो म्हणाला. मी पुन्हा काही बोलले नाही.

बुधवारी ती उठून बसली होती. ताप नव्हता. सुपात तांदूळ घेऊन निवडत होती, चेहरा उतरलेला, पण जीभ जागेवर होती.

“अशा काय पाहून राहिल्या मॅडम? मेली नाही मी. तुमच्या कागदात दाबायले नाही भेटत मी एवढ्यात.”

मुलगा हसत पुढे आला. “काढा देला सकाळी. सूर्य निघायच्या आधी.”

“कोणी दिला?”

“मीच. बावा नाही ना. तुमी मोजला होता तेवढाच घेतला. तुमच्याच जुडीतला, काट्याचा आकडा पाठ हाय मले.”

छपराच्या वळचणीला मी भुईनिंबाच्या जुड्या वाळत टांगल्या होत्या. त्यातली एक अर्धी झाली होती.

इथे मी काय बोलायला हवे होते, हे कुणालाही समजेल. मलाही समजत होते. भुमकाने दोघींना परत पाठवलेले मी पाहिले होते, आणि भुईनिंब गरोदरपणात देऊ नये हे मी वाचलेलेही होते. पण मी वही उघडली आणि विचारले, “किती वाजता दिला? पाणी किती होतं?” त्याने सांगितले. मी रुग्ण क्रमांक अकरा लिहिला. मनाशी म्हटले, जे पोटात गेले ते गेले. एका मात्रेने काही होत नाही. परवा भुमका येईल. शिवाय ताप खरोखरच उतरला होता. सुरुवातीपासून माझ्या डोळ्यांसमोर घडलेले, मोजलेल्या मात्रेचे हे पहिलेच प्रकरण होते.

हिवताप एक दिवस सोडून येतो. आदल्या दिवशी फणफणलेला माणूस दुसऱ्या दिवशी काढ्याशिवायही उठून तांदूळ निवडतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला हे मी आलेखासह लिहून पैकीच्या पैकी गुण घेतले होते.

गुरुवारी ताप पुन्हा आला, पण मंगळवारपेक्षा कमी. चुलीपाशी पातेल्यात ताजा काढा होता. मी दर दोन तासांनी तापमान घेतले. सून बोलत नव्हती. डोळे मिटून कूस बदलत होती आणि एका हाताने पोट धरून होती. मी तिच्या हाताकडे पाहिले आणि मग तापमापकाकडे पाहिले. उतरती रेघ सुंदर दिसत होती. शुक्रवारचे एक मोजमाप मिळाले की ती पूर्ण होणार होती.

शुक्रवारी ताप नव्हता. मी तिला विचारले, “बरं वाटतं का?” तिने माझ्याकडे पाहिले. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीच्या पाण्यासारखा झाला होता. तिने कोरकूत काहीतरी म्हटले. इतक्या दिवसांत ती माझ्याशी कोरकूत एकदाही बोलली नव्हती. मी तिच्या नवऱ्याकडे वळले.

“काय म्हणते?”

त्याचा चेहरा बदलला होता. “विचारते, ही बाई कोण हाय म्हणून.”

आशाताई दुपारच्या गाडीने उतरली ती पिशवी खांद्यावर घेऊन सरळ इकडेच आली. रस्त्यात कोणीतरी सांगितले असावे. तिने सुनेच्या पापण्या उघडून पाहिल्या, बोट टोचले, किटच्या पट्टीवर रक्ताचा थेंब सोडला आणि घड्याळ पाहत बसली. पट्टीवर रेघ उमटली तेव्हा तिने ती माझ्यासमोर धरली.

“पीएफ हाय.” इकडे आढळणाऱ्या दोन हिवतापांपैकी हा जीव घेणारा. “कधीपासून ताप?”

“मंगळवारपासून,” मी म्हणाले.

“अन् तुमी अथीच होत्या?”

“हो.”

“चार दिवस?”

मी मान हलवली.

“मी बारावी शिकलेली बाई हाव, मॅडम. मले एवढं समजते का पोटुशी बाईले ताप आला तर त्याच दिवशी खाली दवाखान्यात न्या लागते. तुमाले कावून नाही समजलं?” उत्तराची वाट न पाहता ती फोनला रेंज मिळेल अशा टेकाडाकडे धावत गेली. अॅम्ब्युलन्स निघाली होती. यायला वेळ लागणार होता.

तेवढ्यात भुमका परतला. त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली नाही. तो सुनेकडे गेलाच नाही, आधी चुलीकडे गेला. पातेल्यातला चोथा बोटांनी उचलून हुंगला.

“कोणी देला?”

“मी,” मुलगा म्हणाला. “मॅडमनं मोजलेला होता. चांगलं हाय म्हणे.”

भुमका माझ्याकडे वळला. तो रागावला असता तर मला सोपे गेले असते.

“तुमच्या समोर दोन बाया मी वापस पाठवल्या. ते नाही लिवलं का?”

“नाही.”

“एवढं सगळं लिवलं, अन् ते नाही लिवलं?” त्याला खरोखरच आश्चर्य वाटले होते. “औषध त तेच होतं.”

घाट उतरताना अॅम्ब्युलन्समध्ये मुलगा, आशाताई आणि मी होतो. परतवाड्यात सलाईन लागले आणि तिथून अमरावतीला हलवायला सांगितले. वाटेत मुलगा माझ्या कानाशी वाकला.

“काढ्याचं नोका सांगू, मॅडम. बावाले धरून नेतील.”

“बावांनी दिलेलाच नाही.”

“मंग मले नेतील. नाहीतर तुमाले.”

परतवाड्यापासून अमरावतीपर्यंत मी गप्प होते. हे मी लपवत नाही. त्या तासाभरात मी माझी परवानगी, माझी तीन वर्षे आणि माझ्या वडिलांचा चेहरा यांचा हिशोब केला. खाटेवरच्या बाईचा केला नाही. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, “आधी काही औषध दिलं होतं?” मुलाने नाही म्हटले. त्या पुढचा प्रश्न विचारणार इतक्यात मी म्हणाले, “काढा दिला होता.”

त्यांनी केसपेपरवर लिहायला घेतले, “झाडपाला, माहीत नाही.”

“माहीत आहे,” मी म्हणाले आणि वही पुढे केली. रुग्ण क्रमांक अकराचे पान. वनस्पती, भाग, कृती, मात्रा, वेळा, तापमान. त्यांनी ते पान वाचले, वेळा पुन्हा वाचल्या आणि वही माझ्या हातात परत दिली.

“तुम्ही हे सगळं पाहत होतात?”

“हो.”

“आणि लिहीत होतात.”

हा प्रश्न नव्हता. त्या पाठ फिरवून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूल झाले. मुलगी होती आणि जिवंत नव्हती. सून वाचली. बारा दिवसांनी तिला घरी सोडले, तेव्हा तिला धरून चालवावे लागत होते.

माझ्या मार्गदर्शकांना मी सगळे सांगितले. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, “क्रमांक अकरा वगळ. परिणाम संदिग्ध आहे. आणि तापमापकाबद्दल कुठेही लिहू नकोस.” पद्धतीच्या दृष्टीने पहिले वाक्य बरोबर होते. मी क्रमांक अकरा वगळला नाही. परवानगी देणाऱ्या कचेरीला तापमापकासह सगळे कळवले. कारणे दाखवा नोटीस आली. तिचे उत्तर मी दिले आहे आणि निर्णय यायचा आहे. वहीत मी सातवा रकाना आखला: कोणाला देत नाहीत. काढ्याआधी भुमकाने काय काय विचारले, हे आधीच्या दहा रुग्णांना विचारून तो भरणे भाग होते, म्हणून महिन्याभराने मी निघाले.

परतवाड्याच्या बसस्टँडबाहेर, फळांच्या गाड्यांच्या ओळीत, एक अनोळखी माणूस गोणपाट अंथरून बसला होता. गोणपाटावर भुईनिंबाच्या जुड्या, गुळवेलीच्या कांड्या आणि कागदाच्या पुड्या होत्या. चारपाच माणसे वाकून पाहत होती.

“तापावर जालीम, भाऊ! मोजलेली पुडी हाय, अंदाजाचं काम नाही. कॉलेजच्या मॅडमनं जंगलात बसून काट्यावर मोजून लिवून ठेवलेलं हाय हे.”

मी एक पुडी उचलली. वजन करायची गरज नव्हती.

“ही गरोदर बाईला चालते का?”

“कोणालेही चालते, ताई. ताप काय पाहून येते का?”

“चालत नाही,” मी मोठ्याने म्हणाले. “गरोदर बाईला हे देऊ नका. ताप आला तर आधी रक्त तपासा.” माणसांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. तो खो खो हसला. “ताई मेडिकलवाली दिसते. धंदा बसते त्यायचा.” सगळे हसले. माझी सेमाडोहची बस लागली होती. मी बसमध्ये चढले.

भुमका अंगणात नव्हता; आता तो कोणालाच औषध देत नव्हता. दार लोटलेले आणि ओसरीपाशी लोकांनी आणून टाकलेल्या गाठींच्या सुतळ्या तशाच पडलेल्या. सून खाटेवर बसली होती. तिने मला बसायला सांगितले नाही.

“मॅडम, एक इचारू?”

“विचार.”

“माही पोरगी कशानं गेली? तापानं का काढ्यानं?”

मी उत्तर बांधायला लागले. तापाने वारेतून जाणारे रक्त कसे अडते, भुईनिंबाबद्दल काय म्हटले जाते, दोन्ही एकदम झाल्यावर वेगळे का करता येत नाही. तिने मधेच हात वर केला.

“माहीत हाय का नाही?”

“नाही.”

“कधी समजन?”

“समजणार नाही.”

तिने यावर विचार केला. तिच्या चेहऱ्यावर जुना खोडकरपणा कुठे आहे का, ते मी शोधत होते, हे माझ्या नंतर लक्षात आले.

मी तिला परतवाड्याच्या माणसाबद्दल सांगितले. का सांगितले, ते मला माहीत नाही. बहुधा दुसऱ्या कोणाचा तरी दोष हवा होता. ती ऐकत राहिली आणि मग उठून उभी राहिली.

“अन् तुमी तथून निघून आल्या?”

“बस लागली होती.”

“मंग वापस जा. आत्ताच जा. अथी काय पाहून राहिल्या? मी त झाली तुमची लिवून.”

दुपारच्या गाडीने मी घाट उतरले. परतवाड्याला उतरले तेव्हा ऊन होते आणि स्टँडबाहेर तीच गर्दी. फळांच्या गाड्यांच्या ओळीत एक जागा मोकळी होती. खाली भुईनिंबाची चारदोन वाळकी पाने पडलेली. मी शेजारच्या केळीवालीला विचारले.

“तो काय? गेला ना तो, बाई. सगळा माल गोणीत भरला अन् अकोटच्या गाडीत बसला.” तिने केळीवरच्या माश्या हाकलल्या. “तिकडं तापाची बम साथ हाय म्हणे. घरोघरी माणसं पडेल हाय.”